सहा रात्री, सहा माणसं आणि समुद्राला वेळच नाही : गोव्याच्या बेतात मदत हवी

पर्वरीकरीण | ५ नोव्हेंबर, रात्री १०.४०

गोव्यात राहून नऊ वर्षं झाली आणि आज 'गोवा कसा दाखवायचा' म्हणून धागा काढतेय. हसा खुशाल. आमचा गोवा म्हणजे पर्वरी ते पणजीत पाटोचं ऑफिस, जमलं तर शुक्रवारी म्हापशाचा बाजार. रोज पुलावरून पाणी दिसतं तेही समुद्राचं नाही, मांडवीचं.

भाऊ सांगलीहून येतोय. २९ नोव्हेंबर रविवार ते ५ डिसेंबर शनिवार, सहा रात्री. भाऊ-वहिनी, भाची तेरा वर्षांची, भाचा सात. आई अडुसष्ट, डाव्या गुडघ्याची वाटी बदलून दीड वर्ष झालं. बाबा बहात्तर, इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्यांची स्वतःची सात सीटची गाडी आहे. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे उतरणार हॉटेलात. मला रजा नाही, फक्त ३ डिसेंबरची सरकारी सुट्टी.

भावाने पाठवलेला बेत जसाच्या तसा देते. मुक्काम सहाही रात्री कळंगुट.

रविवार : पोचणे, संध्याकाळी बागा.
सोमवार : उत्तर गोवा बस टूर.
मंगळवार : दक्षिण गोवा बस टूर.
बुधवार : दूधसागर, येताना मसाल्याची बाग.
गुरुवार ३ डिसेंबर : जुनं गोवं, मंगेशी, शांतादुर्गा, म्हार्दोळ (माझ्यासोबत).
शुक्रवार : ग्रांद बेट, स्कूबा, डॉल्फिन, रात्री मांडवीत क्रूझ.
शनिवार : परत.

आईला म्हार्दोळला म्हाळसेची ओटी भरायची आहे, तिच्या माहेरचं कुलदैवत. भाचीला पणजीच्या जुन्या फोंतान्हास वाड्यात फोटो हवेत आणि स्कूबा हवं. भाच्याला फक्त वाळू हवी. वहिनी म्हणाली, "मला काही नको, सहा दिवस चहा दुसऱ्या कुणीतरी द्यावा." बाबा काही बोलले नाहीत. सांगा, काय बदलू?

सासष्टीकार | ५ नोव्हेंबर, रात्री ११.१५

ताई, बेत दोनदा वाचला. यात पोरगा वाळूत कधी बसणार? रविवारी संध्याकाळी बाग्याला, तेही अंधार पडता पडता, आणि रविवारची बाग्याची गर्दी म्हणजे दादरचा पूल. बाकी सगळे दिवस गाडीत.

माझं सरळ मत : मुक्काम दोन करा. पहिल्या तीन रात्री दक्षिणेत, बाणावली-वार्का पट्ट्यात. पुढच्या तीन पणजी किंवा मिरामार. लांबचं आधी आणि घराकडचं नंतर, म्हणजे परतीच्या दिवशी सांगली तेवढीच जवळ. कळंगुटला राहून दक्षिण बघायला निघालात तर जाऊन-येऊन अर्धा दिवस रस्त्यावर जातो. नकाशात गोवा नखाएवढा दिसतो, पण कळंगुट ते पाळोळे ऐंशीच्या वर किलोमीटर आहे.

बाणावलीच का, पाळोळे का नाही? पाळोळ्याची खाडीसारखी वळलेली किनार सुंदर आणि पाणी शांत, मुलांना झकास. पण तिथली बरीच राहण्याची सोय थेट वाळूवर. बदललेला गुडघा मऊ वाळूत रुततो, दहा पावलांत माणूस थकतं. कोलव्यापासून मोबोरपर्यंत सलग पट्टा आहे, ओहोटीला तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. आमची आई काठी न घेता चालते त्यावर, आणि ती शहात्तर वर्षांची आहे.

माटोळी | ५ नोव्हेंबर, रात्री ११.५०

सासष्टीकारांशी सहमत. पण त्याआधी एक धोक्याची घंटा. ३ डिसेंबरला जुनं गोवं?? अगो बाई, त्या दिवशी गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त! तुझी सुट्टी त्याचीच तर आहे. आधीचे नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, आणि फेस्ताच्या दिवशी पहाटेपासून चर्चच्या मिस्सा. पायी चालत येणारे लोक रात्रीच निघालेले असतात. गाडी कुठल्या कुठे लावून चालावं लागतं. आईला घेऊन त्या दिवशी बासिलिका, म्हणजे सायबाचं चर्च, बघायची हे विसरून जा.

पर्वरीकरीण | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी नऊ वर्षं ती सुट्टी घरी झोपून काढलीय आणि सुट्टी कशाची हे एकदाही मनात आलं नाही. धन्य आहे माझी.

दर्यावर्दी | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

माटोळीताई, उलट बाजूही सांगतो. फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, बघण्यासारखी असते. गुळात घोळलेली, आल्याच्या चवीची खाजी, भाजलेले चणे, भांडीकुंडी, मेणबत्त्या, गणपतीच्या बाजारात फिरावं तसा माहोल. दुकानं फेस्तानंतरही लगेच उठत नाहीत. तरण्या माणसांनी ३ तारखेला संध्याकाळी जावं. म्हाताऱ्यांनी ५ तारखेला सकाळी.

आता स्कूबा. चार गोष्टी.

एक, दहा वर्षांखालच्या मुलाला समुद्रात स्कूबा करू देत नाहीत. म्हणजे भाचा बोटीत बसून रडणार आणि त्याच्याबरोबर एक मोठा माणूस अडकणार.

दोन, ग्रांद बेटापर्यंत बोट चांगली हलते. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. मी हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी बोटीत बसल्यावर गोळी शोधतं.

तीन, इथलं पाणी अंदमानसारखं निळंशार नाही. नद्यांचा गाळ असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरं. पाण्याखालचा वेळ थोडा, आणि तो इन्स्ट्रक्टर मागून धरून नेतो. अनुभव म्हणून मस्त, पण फोटोत दिसतं तसं काही दिसेल ही आशा ठेवू नये.

चार, आणि हे कुणी सांगत नाही. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी जशी मोकळी वेळ ठेवतात, तशी घाट चढण्याआधीही ठेवायची असते. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. शुक्रवारी दुपारी डाइव्ह आणि रात्रीच निघायचं असला आचरटपणा नको. शनिवारी निवांत निघणार असाल तर चालेल.

बसवाला_अनुभव | ६ नोव्हेंबर, दुपारी १.३०

बस टूरबद्दल माझं रडगाणं ऐकाच. कंपनीचं नाव घेत नाही. गेल्या वर्षी आईवडिलांना घेऊन 'एका दिवसात अकरा पॉइंट' घेतला. सकाळी साडेआठला हॉटेलाच्या कोपऱ्यावर उभे केलं, बस आली पावणेदहाला, कारण आमच्याआधी सात हॉटेलं. पहिला पॉइंट काय, तर काजूचं दुकान. तिथे पन्नास मिनिटं. मग किल्ला वीस मिनिटं. बाबा स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे होते तोवर वेळ संपला, ते किल्ला न बघताच परत बसमध्ये. गाइडने माइकवर सांगितलेली माहिती म्हणजे कुठल्या सिनेमाची कुठली गाणी कुठे चित्रित झाली. दुसरं काजूचं दुकान पाचवा पॉइंट होता.

घरी आल्यावर आईला विचारलं काय आवडलं, तर म्हणाली, "बसमधली खिडकीची सीट."

निवृत्त_जोडगोळी | ६ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

वरच्या प्रतिसादाशी अर्धा असहमत. आम्ही दोघंच, गाडी नाही, दुचाकी चालवायचं वय नाही. गोवा पर्यटन विकास महामंडळाची बस घेतली, उत्तर एक दिवस, दक्षिण एक दिवस. मध्ये एक दिवस पूर्ण झोप. ज्याला काहीच ठाऊक नाही आणि टॅक्सीची घासाघीस करायची नाही, त्याला बस वाईट नाही. एकदा सगळं डोळ्याखालून जातं, मग आवडलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सावकाश जाता येतं. पर्वरीकरणीच्या घरच्यांकडे स्वतःची गाडी आहे, त्यांना मात्र बसची गरज नाही.

खारफुटी | ६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

आधी जाहीर करतो, मी पोटापाण्यासाठी हेच करतो. चोडण आणि आसपास होडीतून पक्षी आणि खारफुटी दाखवतो. त्यामुळे माझं म्हणणं थोडं मीठ लावून घ्या.

गाइड कुठे घ्यायचा आणि कुठे नाही याचा माझा हिशेब सोपा आहे. जिथे तुमच्या डोळ्याला आपणहून दिसतं तिथे गाइड नको. समुद्र, सूर्यास्त, आग्वादचा किल्ला, दीपगृह. जिथे समोर असूनही दिसत नाही तिथे घ्या. खारफुटीत नवखा माणूस येतो, त्याला चिखल आणि काड्या दिसतात. त्या काड्या म्हणजे झाडाची मुळं, श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली. मुलाला एक काडी नीट बघायला सांगतो, शेजारी बोटाएवढा मासा चिखलावर चालत असतो, डोळे कपाळावर. एकदा तो दिसला की पुढे पोरं मला दाखवतात, मी गप्प बसतो.

आमच्याकडे वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. भरतीच्या पाण्यात होडी आतल्या चिंचोळ्या वाटांत शिरते. ओहोटीला बाहेरूनच फिरवून आणावं लागतं. आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. म्हणून 'रोज सकाळी सातला' असं छापील सांगणाऱ्याला विचारा, त्या दिवशी भरती किती वाजता? त्याला उत्तर आलं नाही तर पुढचा बघा. लोक किती घेता, होडी हाताने वल्हवायची की इंजिनाची, आणि बोलणारा माणूस तूच की दुसरा कुणी, हेही विचारा. मराठीतून सांगा म्हटलं तर इथला बहुतेक गाइड सांगतो, मध्ये मध्ये कोंकणी येईल तेवढं चालवून घ्या.

सात वर्षांच्या मुलाला दीड तास पुरे. दोन तासाला तो पाण्यात हात घालायला लागतो, आणि आमच्याकडे मगरी आहेत.

सलीम अली अभयारण्य चोडण बेटावर आहे, रायबंदरहून फेरीबोट. बाबांना नुसतं फेरीबोटीतून नेऊन आणा, त्यातही मजा आहे.

सासष्टीकार | ६ नोव्हेंबर, रात्री १०.००

हे 'दिसत नाही तिथे गाइड' पटलं. या हिशेबाने भावाच्या यादीतल्या निम्म्या टूर उडतात.

घाटावरचा_गडी | ७ नोव्हेंबर, सकाळी ११.००

दूधसागरचं कुणी बोललं नाही म्हणून मी. दरवर्षी जातो. तिथे स्वतःची गाडी धबधब्यापर्यंत जात नाही. कुळे गावात गाडी लावायची, काउंटरवर जीपचा नंबर लावायचा, एका जीपमध्ये सात जण. बारा-एक किलोमीटरचा जंगलातला रस्ता, मध्ये ओढे, जीप पाण्यातून जाते. पोरं किंचाळतात, मोठ्यांची कंबर जाते. त्यापुढे किलोमीटरभर दगडगोट्यांतून पायी. काही दगड शेवाळलेले. ताई, आईला अजिबात नेऊ नका. जीपमधल्या धक्क्यांनीच गुडघा दुखेल, पुढचं चालणं तर लांबच राहिलं.

पावसाळ्यात जीप बंद असते, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी चांगलं असतं. तीनशे दहा मीटर उंची, मधून रेल्वेचा पूल, गाडी गेली तर पोरांना चित्रातल्यासारखं वाटतं. रुळांवरून चालत जायचे व्हिडिओ फिरतात, त्याला बंदी आहे, तो नाद नको. लाइफ जॅकेट घालावंच लागतं. खाऊ पिशवीत दिसू देऊ नका, माकडं माणसाआधी चेन उघडतात.

पहाटे सहाला निघा. दहानंतर पोचलात तर रांगेतच दुपार होते. आणि त्याच दिवशी मसाल्याची बाग ठेवू नका. जीपमधून उतरलेलं पोर वेलची बघत नाही, झोपतं.

माटोळी | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

म्हणजे मंगळवारी चौघं दूधसागरला, आई-बाबा बाणावलीत. कुटुंब सहा दिवस सहा माणसांनी एकत्रच फिरलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? आमच्याकडे सासूबाई एक दिवस एकट्या राहिल्या तर संध्याकाळी सगळ्यांत ताज्या त्याच असतात.

देवळांचं सांगते. ती मुक्काम बदलायच्या दिवशी ठेव. बाणावलीहून मडगाव, बोरीचा पूल, फोंडा, मग म्हार्दोळ, मंगेशी आणि सरळ पणजी. वाटेवरच सगळं. वेगळा दिवस लागत नाही. चार देवळं करू नका, दोन करा. तिसऱ्या देवळात आईसुद्धा फक्त चपला सांभाळते. म्हार्दोळला सकाळी पोचाल तर बाहेर बायका जायांच्या माळा घेऊन बसलेल्या असतात, ओटीबरोबर एक घ्यायला सांग. पितळेची ती उंच समई भाच्याला मोजायला लाव, किती थर आहेत.

आणि बाबा इतिहासाचे मास्तर ना? त्यांना वाटेत विचार, ही देवळं फोंड्यात कशी आली. म्हाळसा मूळची वेर्ण्याची, मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी रातोरात देव नदीपार आणले, कारण पलीकडे आदिलशाहीचा मुलूख. तुम्ही ज्या वाटेने गाडीने जाणार, जवळजवळ त्याच दिशेने देव आले. हे कळलं की देऊळ वेगळं दिसतं.

बसवाला_अनुभव | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

हे आमच्या गाइडने सांगितलं असतं तर मी दोन काजूची दुकानंही माफ केली असती.

पर्वरीकरीण | ७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

भावाला फोन केला. पहिलं वाक्य, "मग पैसे देऊन येऊन आम्ही नुसतं बसायचं?" वहिनी मागून ओरडली, "हो!"

फोंतान्हासचं सांगा कुणीतरी. मी पाटोला काम करते, जेवणाच्या सुट्टीत पूल ओलांडला की फोंतान्हास, तरी मला तिथलं काही माहीत नाही.

मुंबईकर_तूर्त_पणजी | ७ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मी फोंतान्हासला लागून माळा नावाच्या भागात राहतो. भाचीला एवढंच सांगा की ती लोकांची घरं आहेत, सेट नाही. लोक दुसऱ्याच्या ओट्यावर बसतात, खिडकीत हात ठेवून फोटो काढतात, आत आजी रोजरीची जपमाळ म्हणत असते. काही घरांवर पाट्या लागल्यात. सकाळी आठच्या आत जा, उजेडही चांगला, पोदेरही, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत जात असतो. त्याच्याकडून गरम पोयी, म्हणजे इथले पाव, घ्या.

इथे मात्र चालत फिरवणारा गाइड घ्या. दोन तासांत भिंतींचे रंग, शिंपल्यांच्या खिडक्या, कोंबड्याचं चिन्ह, सगळं उलगडतं. आणि जुन्या गोव्याशी एक धागा जुळवता येतो, पोरांसाठी झकास. जुन्या गोव्यात सांत आगुश्तीनचा पडका मनोरा आहे, शेहेचाळीस मीटर उंच होता, १९३१ मध्ये अर्धा कोसळला. त्या मठाची मोठी घंटा आज कुठे? पणजीच्या मुख्य चर्चवर, पांढऱ्या झिगझॅग पायऱ्यांच्या वर. आधी पणजीत घंटा दाखवा, नंतर तिचं मोकळं घर दाखवा.

त्याच मठाच्या अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले, २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. तेरा वर्षांच्या मुलीला राणीची गोष्ट घंटेपेक्षा आवडेल असा अंदाज.

निवृत्त_जोडगोळी | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.००

बासिलिकेत जाताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. बीचवरून थेट जाणाऱ्यांना दारात थांबवतात.

दर्यावर्दी | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

पाण्याचं दोन ओळींत. जीवरक्षक लाल झेंडा लावतात तिथे घोट्यापुढे जाऊ नका, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहा, अंधार पडल्यावर नाही म्हणजे नाही. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवं पोहून बाहेर या. सांगलीकर कृष्णेत पोहलेले असतात, त्यांना समुद्र सोपा वाटतो. नदी एकाच दिशेला ओढते, समुद्र तसा नाही.

थिवी_थांबा | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

धागा शोधत येणाऱ्या पुढच्या लोकांसाठी, ज्यांच्याकडे गाडी नाही. सगळे मडगावचं रेल्वे तिकीट काढतात आणि बाग्याला जातात. उत्तरेला जायचं तर थिवीला उतरा, पणजी-जुन्या गोव्याला करमळी, पाळोळ्याला काणकोण. विमानाचंही तेच. मोपा पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ, तिकीट काढताना कुठला ते बघा. ओला-उबर शोधू नका. सरकारी कदंबच्या बसा पणजी, म्हापसा, मडगाव यांच्यात भरपूर आहेत. भाड्याची दुचाकी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, खासगी पांढरी पाटी स्वस्त पडते आणि मग महाग पडते.

पर्वरीकरीण | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

नवा बेत. भावाने नाइलाजाने मान हलवली आहे.

रविवार संध्याकाळपर्यंत बाणावली. सोमवारी काहीही नाही, मी लिहिलंय 'समुद्र'. मंगळवारी चौघं दूधसागर, आई-बाबा हॉटेल. बुधवारी सकाळी निघून म्हार्दोळ, मंगेशी, संध्याकाळी पणजी. गुरुवारी माझी सुट्टी : सकाळी गाइडबरोबर फोंतान्हास, दुपारी झोप, संध्याकाळी भाऊ आणि भाची फेरीला, बाकीचे मिरामार. शुक्रवारी खारफुटी यांनी सांगितल्याप्रमाणे भरती बघून होडी, उरलेल्या वेळात म्हापसा बाजार. शनिवारी सकाळी आठला जुनं गोवं आणि तिथून सांगली.

स्कूबा गेलं. भाची माझ्याशी बोलत नाही. तिला सोमवारी बाणावलीला पॅरासेलिंग कबूल केलंय. क्रूझही गेली, तिचं कुणालाच दुःख नाही.

सासष्टीकार | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

सहा दिवसांत दोन गाइड, पाठोपाठ दोन पूर्ण धावपळीचे दिवस नाहीत. आता याला सुट्टी म्हणता येईल. बाणावलीत फिश थाळी कुठे खायची ते खासगी निरोपात सांगतो, इथे लिहिलं तर मलाच जागा मिळणार नाही.

माटोळी | ९ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आई शाकाहारी वार पाळत असतील तर खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा, मिळतं का विचारा. सगळीकडे नसतं, असलं तर सोडू नका.

पर्वरीकरीण | १३ डिसेंबर, दुपारी ३.२०

धागा वर काढतेय, कारण तुम्ही विचारणार होतातच.

बेत साठ टक्के पाळला गेला. दूधसागरला ते सहाला निघणार होते, पावणेआठला निघाले. (वहिनीला चहा दुसऱ्या कुणीतरी दिला, आणि तिने तो पाऊण तास प्यायला.) रांगेत दोन तास गेले, पण भाचा म्हणतो जीप पाण्यातून गेली तेव्हा त्याच्या पोटात पाणी गेलं. भावाच्या पिशवीतली बिस्किटं माकडाने नेली, चेन उघडून. घाटावरचा_गडी, साष्टांग.

म्हार्दोळला आईने ओटी भरली. समईचे थर भाच्याने तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडा वेगळा. देवळं नदीपार कशी आली हे बाबांनी मंगेशीच्या तळ्याकाठी सांगायला सुरुवात केली, आणि शेजारच्या दोन अनोळखी कुटुंबांनीही उभं राहून ऐकलं. त्यातल्या एका काकांनी शेवटी विचारलं, "गाइडचे किती झाले?"

होडी मात्र हुकली. शुक्रवारची भरती आमच्या सोयीची नव्हती. खारफुटी यांनी स्वतः फोनवर सांगितलं, "पैसे देऊन चिखल बघू नका, फेरीबोटीने जाऊन या." गेलो. येताना भाच्याला चिखलात तो चालणारा मासा दिसला, फेरीच्या धक्क्याजवळच. गाइडशिवाय!

भाचीने ३ तारखेच्या फेरीत एक किलो खाजी घेतली, सांगलीला पोचेपर्यंत संपवली. केतेवान राणीवर तिने शाळेत काहीतरी लिहिलंय म्हणे. माझ्याशी बोलायला लागली आहे.

आता खरी गोष्ट बाबांची. ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं. सोमवारी पहाटे साडेपाचला उठून ते बाणावलीच्या किनाऱ्यावर गेले, तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची चालली होती. दोन्ही टोकांना दोरावर वीस-पंचवीस माणसं. हे नुसते बघत उभे. मंगळवारी परत. त्या दिवशी एका म्हाताऱ्या रापणकाराने दोराकडे बोट दाखवून मानेनेच ये म्हटलं. बाबांनी चपला काढल्या, धोतर नाही पण पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि ओढायला लागले. आई वरून ओट्यावरून ओरडतेय, "अहो, कंबर!" ते मागे वळूनही बघत नाहीत. जाळं आलं तेव्हा रापणकारांनी वाटा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत दोन-अडीच किलो पेडवे मासे दिले. बाबा घेणार नाही म्हणाले तर तो म्हातारा रागावला.

बुधवारी निघताना नऊ वाजले, कारण बाबा दुसऱ्यांदा दोरावर होते.

माटोळी | १३ डिसेंबर, दुपारी ३.४५

ते सगळं राहू दे. हॉटेलात अडीच किलो पेडव्यांचं केलं काय?

पर्वरीकरीण | १३ डिसेंबर, दुपारी ४.००

बाबा पिशवी घेऊन थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात. तिथल्या बाईंनी अर्ध्यांचं तिरफळं घालून हुमण, म्हणजे माशांची आमटी, केलं, अर्धे रवा लावून तळले आणि स्वतःच्या घरी न्यायला दहा बाजूला काढले. आई मंगळवार पाळते. तिने त्या दिवशी पाळला नाही.